तेरा दिवसांचा उपास

वस्तू हरवण्याचे दोन प्रकार असतात. काही वस्तू हरवतात आणि काही वस्तू ‘इथंच तर होत्या’ असतात. छत्री हरवते. ती एस.टी.त राहते, हिंगोलीहून निघून परभणीला उतरते आणि तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर सुखानं नांदू लागते. चार दिवस हळहळून माणूस नवी छत्री घेतो. पण चष्मा, कपाटाची किल्ली, वीजबिलाची पावती आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवलेला प्लंबरचा नंबर हा ऐवज कधीच हरवत नाही. तो ‘इथंच तर होता’. या ‘इथंच’चा पत्ता आजवर एकाही पोस्टमनला सापडलेला नाही.

संगणकानं या दोन प्रकारांत आणखी दोघांची भर घातली. तिसऱ्या प्रकारात वस्तू कुठं आहे हे पक्कं ठाऊक असतं, पेटीत ती आहे हेही दिसत असतं, पण पेटी काही केल्या उघडत नाही. आणि चौथा प्रकार सगळ्यांत चमत्कारिक. त्यात आपण स्वतः, शुद्धीवर असताना, विचार करून टाकून दिलेली वस्तू एके दिवशी पाहुण्यासारखी दारात उभी राहते. पहिल्या तीन प्रकारांत फार तर माणसाची झोप उडते. चौथ्यात मात्र एक नीतीचा प्रश्न उभा राहतो. हरवलेलं शोधण्याचा हक्क माणसाला आहे, हे कुणीही कबूल करील. पण मुद्दाम टाकलेलं शोधून काढण्याचा हक्क कुणाचा? टाकणारा माणूस विचारायला उरलेला नसेल, तर उत्तर कुणी द्यायचं?

हा प्रश्न आमच्या घरात ज्या वस्तूमुळं शिरला तिचं नाव हार्ड डिस्क. तोवर मला ती मोठ्या काडेपेटीसारखी एक डबी वाटत असे. आत ग्रामोफोनसारखी तबकडी असते, हे त्या निमित्तानं कळलं. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकल्याशिवाय गाणं लागत नाही आणि इथं सुई टेकली की गाणं कायमचं बंद. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्यावर. शेजाऱ्याशी इतकं जवळ राहून न भांडण्याचं कसब माणसाला अजून साधलेलं नाही. तबकडीला काही वर्षं तरी साधतं. अशी पहिली पेटी १९५६ साली आय.बी.एम.नं काढली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि एवढ्या धुडात मावायची ५० लाख अक्षरं. आजच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरदेव घोड्यावर चढेपर्यंतचा भागसुद्धा तेवढ्या जागेत मावणार नाही.

आमच्या घरातल्या डबीत मावले होते ते आमचे अण्णा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. सगळी नोकरी कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर झाली. त्या काळी हे सगळं परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ला हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमारास अण्णा निवृत्त झाले. ‘मी कामावरून निघालो, तर माझी जागा भरायला सरकारला आख्खा जिल्हा काढावा लागला,’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

अण्णांना एक नाद होता. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हेच काम डोंगराएवढं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि २०१७पासून त्या सगळ्या जगाला ऐकायला मिळू लागल्या. अण्णांचं काम त्यापुढं मुठीएवढं. रविवारी सायकल काढायची, गावातल्या म्हाताऱ्या बायांपुढं वही घेऊन बसायचं. पिठाची गिरणी गावोगाव आली आणि जाती कोपऱ्यात गेली, तेव्हा अण्णांच्या लक्षात एक गंमत आली. बाईला नुसतं बसवून ‘म्हणा’ म्हटलं की ओवी येत नाही. ‘गुरुजी, असं कसं यील? जात्याला हात लागाय पाहिजे,’ असं त्या म्हणत. मग अण्णा कोपऱ्यातलं जातं मांडायला लावत, दोन मुठी ज्वारी टाकत, आणि जातं फिरू लागलं की पिठासारखी ओवी पडू लागे. पुढं हार्ड डिस्कची तबकडी फिरली तरच अक्षर देते हे ऐकलं तेव्हा मला यंत्राचं काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडच्या बायकांची स्मरणशक्ती त्याच पद्धतीनं चालत होती, आणि तिला वीज लागत नव्हती.

या ओव्यांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. वाळवीला साहित्याची मूळचीच आवड. ती कधी बँकेच्या नोटिसा खात नाही. पण तोवर अण्णांनी साठी उलटल्यावर संगणक शिकून सगळ्या ओव्या एका बोटानं टाइप करून ठेवल्या होत्या. वर सीडीही केल्या होत्या. त्या सीडी पुढं बुरशी धरून बशीच्या कामाच्याही उरल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. संगणक राहिला. आई त्याच्यावर विणकामाचं झाकण घालून ठेवी आणि गुरुवारी झटकून पुसत असे.

गेल्या मे महिन्यात त्यातून आवाज येऊ लागला. टक्… टक्… टक्… वर्गात दंगा वाढला की गुरुजी टेबलावर पट्टी आपटतात, तसा.

आमच्या गल्लीत कुणाचं काहीही बिघडलं की तज्ज्ञांचा तुटवडा पडत नाही. एकानं सांगितलं, डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसरा म्हणाला, तांदळाच्या डब्यात पुरा, माझा पाण्यात पडलेला मोबाइल असाच वाचला. तिसऱ्यानं वरून चापट मारून पाहण्याचा सल्ला दिला; त्यांचा रेडिओ तीस वर्षं चापटीवर चालला होता. चौथ्याला औंढ्या नागनाथाला अभिषेक पुरेसा वाटला. वसमतची हळद सगळ्या जखमांवर चालते, असं पाचव्यांचं मत. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांचा हा विश्वास आणखी बळावला आहे. फ्रीजचा सल्ला जगभर प्रसिद्ध आहे, असं नंतर कळलं. त्यात अडचण अशी की गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या फटीत दवाचा एक थेंब म्हणजे कयाधूला पूर.

शेवटी बाजारातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. त्याच्या वडिलांना अण्णांनी बाराखडी शिकवलेली. त्यानं आवाज ऐकला आणि पहिलं काम केलं ते वायर उपटण्याचं.

“काका, आता कुणीच हात नका लावू. डिस्क मरायलीय.”

“मग काही उपाय?”

“हाय की. पण पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही. जितक्यांदा बघताव, तितकी ती जास्त खराब होती.”

दवाखान्यातल्या गंभीर रोग्याला हेच लागू आहे, पण ते सांगायला तिथं असा पोरगा नसतो. भेटायला येणारे पन्नास नातेवाईक रोग्याला ‘ओळखलं का?’ विचारून विचारून दमवतात.

डोकं अजून शाबूत होतं. तबकडीत जागोजाग खराब जागा झाल्या होत्या आणि तिथं वाचता आलं नाही की डोकं मागं जाऊन पुन्हा येत होतं, त्याची ती टकटक. डोकंच मोडलं असतं तर धूळ नसलेल्या खोलीत पेटी उघडावी लागली असती, आणि अशी खोली मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात मिळणं कठीण. पोरानं डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घ्यायला लावली. हे काम करणारी विद्या मोठी शहाणी आहे. ती आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेते. अडलं की तिथं झटापट करत नाही, नोंद करून पुढं जाते. चांगला भाग सुरक्षित झाला की मग मागं येऊन अवघड जागी हळूहळू प्रयत्न करते. आमच्या शिक्षणपद्धतीत याच्या बरोबर उलट करतात. जो अडतो त्यालाच पहिल्या तासाला उभं करतात आणि सगळा वर्ग त्याच्यापाशी अडकून पडतो.

दोन रात्री नक्कल चालली. मध्ये वीज गेली की इन्व्हर्टरवर डिस्क आणि अंधारात आम्ही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर फायलींची यादी आली. बरीचशी नावं काळ्या अक्षरांत, काही लाल.

“लाल कशाला?”

“त्या डिलीट केलेल्या हायत. गुरुजींनी पुसलेल्या.”

“पुसलेल्या मग दिसतात कशा?”

“पुसल्या म्हणजे पुसत नाहीत काका. नुसतं नाव काढते.”

मला ते हजेरीपटाच्या भाषेत समजलं. पोराचं नाव पटावरून कमी केलं, पण पोरगं शेवटच्या बाकावर बसलेलंच आहे. नवीन मुलगा येऊन त्या बाकावर बसेपर्यंत ते उठत नाही. हल्लीच्या फिरती तबकडी नसलेल्या डिस्क पुष्कळदा बाकं खरंच रिकामी करून टाकतात. पण अण्णांची डिस्क जुन्या वळणाची. तिनं कुणालाच घालवून दिलं नव्हतं.

लाल नावांत एक नाव होतं ‘धाकट्यास’. अण्णांचा धाकटा म्हणजे आमचे काका. तारीख होती शेताच्या वाटणीच्या वर्षाची. त्या वर्षी बांधावरच्या एका आंब्याच्या झाडावरून दोघा भावांचं बोलणं थांबलं आणि दोन वर्षं थांबलेलंच राहिलं. मग काकांच्या मुलीच्या लग्नात अण्णा आपण होऊन मांडव घालायला गेले, काकांनी हातातली दोरी धरली, आणि त्या विषयावर घरात पुन्हा कुणी शब्द काढला नाही. झाडाचे आंबे तेव्हापासून दोन्ही घरांत येतात. आंबट आहेत.

अण्णांनी पत्र लिहिलं होतं आणि पुसलं होतं. पोरानं उंदरावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. “उघडू का?”

वाचकहो, असा प्रसंग तुमच्यावर आला तर काय कराल, याचा क्षणभर विचार करा. मी घरात सभा बोलावली. नांदेडच्या बहिणीनं फोनवरून मत दिलं की उघडा, अण्णांचा एकही शब्द वाया जाता कामा नये. चिरंजीव म्हणाले, डेटा म्हणजे डेटा, त्यात पवित्र-अपवित्र काय? दुकानातला पोरगा व्यवहारी: “पैसे तेवढेच हायत काका. पुसलेल्याचे जास्त लागत नाहीत.” समोरच्या घरातले, जमिनीच्या दाव्यांत तीस वर्षं मुरलेले गृहस्थ म्हणाले, “कागद कधी लहान समजू नये.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. २०२३ साली मराठवाड्यात निजामाच्या काळातली दप्तरं उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला, आणि ज्या नोंदींकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी पाहिलं नव्हतं त्यांत लोक आपल्या पणजोबांचं नाव शोधू लागले. आज जे फुकट वाटतं ते उद्या कुणाच्या जिव्हाळ्याचं ठरेल, हे कोण सांगणार?

वाचलेल्या माणसाला पुस्तकांतलीही फूस मिळते. मला काफ्का आठवला. तो १९२४ साली वारला. माझी हस्तलिखितं न वाचता जाळून टाक, असं त्यानं मॅक्स ब्रॉड या मित्राला लिहून ठेवलं होतं. ब्रॉडनं जाळली नाहीत. १९२५ साली ‘द ट्रायल’ छापून काढली. मित्राचा शब्द मोडल्यामुळं जगाला एक थोर लेखक मिळाला. मग आमच्या अण्णांनीच काय घोडं मारलंय?

पण महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला काफ्काच्या आधी तुकोबा आठवले पाहिजेत. आमच्या भाषेतली सगळ्यांत मोठी हरवलेली फाइल म्हणजे तुकोबांची गाथा. इंद्रायणीत वह्या बुडवाव्या लागल्या, तुकोबा काठावर १३ दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. वह्या पाण्यातून आल्या नाहीत, लोकांच्या मुखातून आल्या, असं दुसरं मत सांगतं. ज्याला जो अभंग पाठ होता त्यानं तो परत दिला. कुठलंही मत धरा, उपासाला धक्का लागत नाही. आणि यात आम्हां हिंगोलीकरांचा एक खास अभिमानाचा मुद्दा आहे. स्वप्नात पांडुरंगाला घेऊन कोण आलं आणि राहिलेली कविता पुरी कर म्हणून तुकोबांना कुणी कामाला लावलं, तर नामदेवांनी. ज्या नरसीला आम्ही नामदेवांचं गाव मानतो ती कयाधूकाठची नरसी आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे इंद्रायणीत जे बुडालं त्याचं मूळ काम आमच्या माणसानं सोपवलेलं होतं!

त्या रात्री मला वाटलं, आपल्या प्रश्नाची फूटपट्टी इथंच आहे. फाइल परत आणायची की नाही हे ठरवताना एकच विचारावं: हिच्यासाठी हिचा धनी १३ दिवस काठावर बसला असता का? ओव्यांसाठी अण्णा बसले असते. तेरा काय, चातुर्मासभर बसले असते, आणि रोज काठावरून आम्हांला हाका मारल्या असत्या. ‘धाकट्यास’साठी ते बसले नसते. ते त्यांनी स्वतःच नदीत सोडलं होतं आणि मागं न बघता मांडव घालायला गेले होते. तुकोबांच्या वह्या बुडाल्या त्या इतरांच्या बळजोरीनं; म्हणून त्या वर आणणं हा न्याय. माणसानं आपल्या मर्जीनं बुडवलेलं वर आणणं ही फक्त पाणबुड्याची हुशारी.

काफ्काचं मग काय? त्याचाही मी विचार केला. ‘मी जाळणार नाही’ हे ब्रॉडनं काफ्काला जिवंतपणीच तोंडावर सांगितलं होतं, असं ब्रॉड लिहून गेला आहे. तरीही काफ्कानं काम दुसऱ्याला दिलं नाही. म्हणजे तिथं दोन मित्रांत काहीतरी समजूत होती, आणि जो काही दोष लागायचा तो ब्रॉडनं आपल्या नावावर घेतला. अण्णांची माझ्याशी अशी कसलीच समजूत नव्हती. त्यांची समजूत त्या यंत्राशी होती. यंत्रानं त्यांना ‘खरंच पुसायचं का?’ असं विचारलं होतं, अण्णांनी ‘होय’ म्हटलं होतं, आणि यंत्रानं होयबासारखी मान डोलावून पत्र मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. पूर्वी असं पत्र चुलीत जाई. चुलीचा एक गुण होता, ती दिलेला शब्द पाळायची.

राहता राहिला एक मार्ग: ज्यांना पत्र लिहिलं त्या काकांनाच विचारावं. काका आहेत, ठणठणीत आहेत. पण हे विचारायचं कसं? ‘काका, अण्णांनी तुम्हांला उद्देशून लिहिलेलं आणि पुसलेलं एक पत्र आहे, वाचायचं का?’ असं विचारलं की पत्र वाचलं काय आणि न वाचलं काय, सारखंच. काही प्रश्न असे असतात की ते विचारणं म्हणजेच उत्तर देऊन टाकणं.

खरं सांगायचं तर एवढं तर्कशास्त्र करूनही माझं बोट त्या उंदराभोवती घुटमळत होतं. बापाचे न ऐकलेले चार शब्द समोर आहेत, रागाचे का होईनात, आणि ते आता कायमचे जाणार. न वाचण्यातही एक मरण असतं. अण्णा दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी मीच निरोप देणार.

आई इतका वेळ सुपात तूर निवडत बसली होती. सभेत तिला कुणी मत विचारलं नव्हतं. ती खडा बाजूला टाकत म्हणाली, “लिहिताना राग असंल त्यांना. पुसताना नव्हता. तुला कोणचे अण्णा पाहिजेत रे? लिहिणारे का पुसणारे?”

सभा तिथंच बरखास्त झाली. मी पोराला सांगितलं, “काळं तेवढं घे. लाल सगळं सोडून दे.” त्यानं एकदा ‘पक्कं का?’ म्हणून विचारलं. यंत्र विचारतं तसंच. फरक इतकाच की त्यानं शब्द पाळला. जुन्या डिस्कचे माझ्यासमोर तुकडे केले आणि नव्या डिस्कवर फक्त अण्णांना ठेवायच्या होत्या त्या फायली घेतल्या.

ओव्या वाचल्या, पण वाचता येईनात. अण्णांनी टाइप केलं होतं युनिकोड आमच्याकडे रुळण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ‘पंढरी’ उघडावी तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांची दिंडी निघे. आमच्या पिढीचं कितीतरी मराठी असं या पेट्यांमध्ये वेशांतर करून बसलेलं आहे. पूर्वी महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत मुद्दाम दडवले होते. आम्ही तेच काम नकळत केलं. फॉन्ट बदलून घेतल्यावर ओव्या दिसू लागल्या. १४०० पैकी साडेअकराशेच्या आसपास पूर्ण. बाकीच्या खराब जागी सापडलेल्या. कुठं पहिली ओळ आहे आणि पुढं अंधार.

इथं दुसरा मोह आडवा आला. अर्धी ओवी समोर असते, चाल ठाऊक असते, भाऊराया, पंढरी, माहेर हे शब्द हाताशी असतात. एक ओळ जुळवून टाकली तर कुणाला कळणार आहे? पण आमच्याच मराठवाड्यात, पैठणला, एका माणसानं या प्रश्नाचा निकाल शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, लावून ठेवला आहे. नकला करून करून बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी जुन्या पोथ्या ताडून शुद्ध केली. स्वतः एवढे मोठे कवी, पण आपली एक ओवी आत सरकवली नाही. उलट बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं. मी अर्ध्या ओव्यांपुढं टिंबं दिली. टिंब ही माणसाला सुचणारी सगळ्यांत प्रामाणिक ओळ.

मग अण्णांची सायकल काढली नाही, कारण ती मला झेपत नाही, एस.टी.नं त्यांच्या जुन्या गावांना गेलो. ज्यांच्याकडून त्यांनी ओव्या घेतल्या त्या बहुतेक बाया गेल्या. एका घरी एकीची सून भेटली, तीही आता सत्तरीची. जात्याला हात लावायला दिल्यावर तिनं टिंबांतली एक ओवी सहज पुरी केली. पुढच्या गावात दुसरीनं तीच ओवी वेगळी म्हटली. मी विचारलं, “बाई, खरी कोणती?” ती म्हणाली, “जिच्या तोंडी तिची खरी.” लीळाचरित्राचं असंच झालं होतं. म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून ते तेराव्या शतकात सिद्ध केलं, पुढं धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. म्हणून आज त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. आम्ही दोन्ही ओव्या लिहून घेतल्या. यंत्र परत देतं ते जसंच्या तसं तरी देतं किंवा मुळीच देत नाही. माणूस परत देतो तेव्हा त्याला स्वतःच्या घरचं थोडं पीठ लागलेलं असतं.

नामदेवांच्या बाबतीत या पिठानं तर केवढी मजल मारली! आमच्या नरसीच्या माणसाचे शब्द पंजाबात गेले, लोकांच्या तोंडी राहिले आणि १६०४ साली शिखांच्या ग्रंथात शिरले. आज त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याच नात्यानं. महत्त्वाच्या फायलींची एक नक्कल घरापासून लांब ठेवावी, असं संगणकवाले हल्ली सांगतात. हे नामदेवांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती लांब ठेवली नाही, दिली. आणि ज्यांना दिली त्यांनी ती रोज उघडली.

हे सगळं पाहिल्यावर मला वाटतं, टिकवायचं काय हे डिस्कवर कधीच ठरत नाही. जे दुसऱ्याला दिलं ते बुडालं तरी परत येतं, कारण कुणीतरी त्यासाठी काठावर बसायला तयार असतं. जे आपणच गिळलं, विझवलं, पुसलं ते पुसलेलं राहू देणं ही मागं राहिलेल्यांची जबाबदारी आहे. आपण गेल्यावर आपल्या माहितीसंबंधीचे हक्क कुणी बजावायचे, त्याचा माणूस नेमून ठेवण्याची तरतूद २०२३च्या कायद्यात आहे म्हणे. फार चांगलं. पण नेमलेल्या माणसाला आपल्यातला कोण हवा आहे, लिहिणारा का पुसणारा, हे कायदा कसं सांगणार?

म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आहे. उजव्या पानावर, माझ्यामागं काय शोधून काढावं. डाव्या पानावर, काय शोधू नये. डावी पानं भराभर भरली. उजव्या पानावर अजून ओव्या, विम्याची पॉलिसी आणि आईची लिंबाच्या लोणच्याची कृती एवढंच आहे. वही कपाटात ठेवली तेव्हा बायको म्हणाली, “सगळं बरोबर आहे. पण डाव्या पानावरचं कुणी शोधू नये असं वाटतंय, तर ते यादी करून कशाला लिहून ठेवलंत?”

या मुद्द्यावर मी विचार करतो आहे. तोवर कपाटाला कुलूप लावलं आहे. किल्ली इथंच तर होती.